सांधा आणि स्वार्थ : वाहून आलेल्या लाकडांच्या शिल्पांसंबंधी काही विचार

१

समुद्रात वाहत असलेले दोन ओंडके क्षणभर एकमेकांशी येऊन भिडतात आणि पुढच्या लाटेसरशी दूर जातात, हा दृष्टान्त आपल्या वाङ्मयपरंपरेला नवा नाही. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकाण्डात भरताचे सांत्वन करताना राम तो योजतो, महाभारताच्या शान्तिपर्वातही तो येतो, आणि ग. दि. माडगूळकरांच्या गीतरामायणामुळे (१९५५-५६) तो मराठी घराघरांत पोचला आहे. या दृष्टान्तातील सगळा भर वियोगावर आहे. ओंडक्यांची भेट होते, परंतु त्यांच्यामध्ये सांधा उत्पन्न होत नाही. भेटीपूर्वी ते जसे होते तसेच ते भेटीनंतरही राहतात, आणि म्हणूनच त्यांना सहज विलग होता येते.

किनाऱ्याला लागलेले असेच ओंडके, फांद्या आणि मुळे गोळा करून, त्यांना एकमेकांशी जोडून त्यांतून एखादी आकृती उभी करणारा शिल्पकार या दृष्टान्ताच्या उलट टोकाला उभा असतो. प्रवाहाने ज्यांना योगायोगाने एका किनाऱ्यावर आणून टाकले त्यांना तो एकत्र राहावयास लावतो. असे करताना त्या लाकडांचे नेमके काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जोडले गेलेले लाकूड आपले स्वतःचे काही राखते, की जोडून झालेल्या आकृतीत ते संपूर्णपणे विरून जाते? आणि या प्रश्नाच्या उत्तरावरून अशा शिल्पाच्या गुणवत्तेविषयी काही निर्णय करता येतो काय?

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने शिल्पाविषयी लिहावे ही काहींना अनधिकार चेष्टा वाटण्याचा संभव आहे. त्यावर एवढेच म्हणता येईल की, जोडणीचा प्रश्न हा आमच्या शास्त्राचा रोजचाच प्रश्न आहे. ‘संधी’ आणि ‘सांधा’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. दोन पदे एकत्र आली असता प्रत्येकाच्या अर्थाचे काय होते, याचा आपल्या वैयाकरणांनी जितक्या बारकाईने विचार केला आहे तितका दोन लाकडे एकत्र आली असता काय होते याचा कलासमीक्षकांनी केलेला माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा एका शास्त्रातील अवजार दुसऱ्या क्षेत्रात चालते की नाही, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. ज्या परदेशी शिल्पांची चर्चा पुढे करावयाची आहे ती मी छायाचित्रांतूनच पाहिली आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. या मर्यादेचा परिणाम विवेचनाच्या एका टप्प्यावर कसा होतो, ते पुढे येईलच.

२

प्रथम या द्रव्याचा विचार करू. पुरात उन्मळलेले झाड नदीच्या प्रवाहाबरोबर खाली येते आणि समुद्रास मिळते. पाण्यात त्याची साल गळून जाते. लाकडाचा मऊ भाग आधी झिजतो. गाठी आणि आतला कठीण भाग मागे राहतात. वाळूच्या घर्षणाने कडा गोल होतात. किनाऱ्यावर येऊन पडल्यावर ऊन आणि खारा वारा त्याला राखाडी रंग देतात. म्हणजे अशा लाकडाचा जो आकार आपल्या हाती येतो तो त्याला कोणी दिलेला नसतो; झिजेला त्याने ज्या ठिकाणी जितका विरोध केला त्या विरोधाची ती नोंद असते. आपल्या कोकणकिनाऱ्यावर पावसाळ्यात अशी लाकडे येऊन पडतात आणि बहुधा चुलीत जातात.

सुताराच्या फळीशी याची तुलना केली असता भेद स्पष्ट होतो. सुतार जोडण्यापूर्वी लाकूड रंधून सरळ करतो; त्याचे वैयक्तिक वैशिष्ट्य आधी काढून टाकतो आणि मग खाच पाडून एकाचे टोक दुसऱ्यात बसवितो. फळी ही प्रत्ययासारखी असते. ती जोडण्यासाठीच असते आणि जोडणीबाहेर तिला अर्थ नसतो. वाहून आलेले लाकूड हे पदासारखे असते. ते जोडणीपूर्वीच अर्थवान असते. म्हणूनच या शिल्पप्रकाराचा विचार करताना प्रत्ययप्रक्रियेपेक्षा समासप्रक्रियेचे साहाय्य अधिक होते.

आपल्याकडे ‘काष्ठशिल्प’ या नावाने जी कला रूढ आहे तिच्यात जोडणीला फारसे स्थान नसते. रानात किंवा नदीकाठी सापडलेले मूळ वा फांदी स्वच्छ करावी, जरूर तेथे थोडी तासावी, तिला तकतकी आणावी आणि बैठकीवर उभी करावी, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. अशा प्रदर्शनात प्रेक्षक प्रत्येक वस्तूसमोर थांबून एकच प्रश्न विचारताना दिसतात : हे कशासारखे दिसते? मोर, हरिण, नर्तकी, गणपती अशी उत्तरे मिळाली की समाधान होते आणि पाय पुढे वळतात. येथे सादृश्य ओळखणे हाच आस्वाद झालेला असतो. ओळख पटली की लाकडाकडे पाहण्याचे कारण संपते. मग ते लाकूड न राहता मोराची एक सदोष प्रतिमा होऊन बसते.

या प्रकाराचे अत्यंत श्रेष्ठ उदाहरण आपल्या देशातच आहे, आणि ते मात्र सादृश्यावर थांबत नाही. अवनीन्द्रनाथ ठाकुर (१८७१-१९५१) यांनी आपल्या आयुष्याच्या उत्तरकाळात वाळक्या फांद्या, मुळे, बांबूचे तुकडे अशा टाकाऊ वस्तूंपासून लहान लहान आकृती केल्या आणि त्यांना ‘कुटुम-काटाम’ असे नाव दिले. ‘भारतमाता’ (१९०५) या चित्राचा कर्ता, बंगालच्या नवकलेचा प्रवर्तक असा हा चित्रकार उतारवयात काटक्यांच्या खेळण्यांकडे वळला, याकडे कौतुकाने पाहण्याची प्रथा आहे. परंतु नावाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ‘काटाम’ म्हणजे सांगाडा, ढाचा. ‘कुटुम’ हा शब्द संस्कृत ‘कुटुम्ब’पासून आलेला असला तरी बंगालीत त्याचा रूढ अर्थ घरातील माणूस असा नसून विवाहसंबंधाने जोडला गेलेला नातलग, म्हणजे आपण ज्याला सोयरा म्हणतो तो, असा आहे. जन्माने मिळालेले नाते नव्हे, तर जोडून झालेले नाते त्या शब्दाने दाखविले जाते.

हा अर्थ ध्यानात घेतला म्हणजे त्या आकृतींचे स्वरूप उलगडते. अवनीन्द्रनाथ तेथे लाकडाला वळण लावीत नाहीत. त्याच्यात जे आहे ते ओळखून, क्वचित दुसरा एखादा तुकडा जोडून, ते त्याला आपल्या घरी सोयरा म्हणून आणतात. सोयऱ्याचा मान राखावयाचा असतो. त्याला बदलावयाचे नसते. मराठीत याच मूळ शब्दाचा प्रवास निराळ्या दिशेने झाला हे येथे नमूद करण्याजोगे आहे. आपल्याकडे ‘कुटुंब’ म्हणजे सगळे घर. आणि मागच्या पिढ्यांच्या बोलण्यात ‘आमचे कुटुंब’ म्हणजे पत्नी. जी बाहेरून जोडली गेली तिलाच समग्राचे नाव मिळाले, आणि तिचे स्वतःचे नाव मात्र त्या नावामागे लपले. जोडणीत घटकाचे काय होते या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे एकाच शब्दाच्या दोन वंशजांत अशी साठलेली आहेत.

३

हाच प्रश्न पतंजलीने महाभाष्याच्या समर्थाह्निकात उपस्थित केला आहे. ‘राजपुरुष’ या समासात ‘राजन्’ हे पद आपला स्वतःचा अर्थ टाकून देते, की राखून ठेवते? पहिल्या पक्षाला जहत्स्वार्था वृत्ती म्हणतात आणि दुसऱ्याला अजहत्स्वार्था वृत्ती. (‘स्वार्थ’ म्हणजे येथे पदाचा स्वतःचा अर्थ, आजच्या मराठीतील आपमतलब नव्हे.) पहिल्या पक्षावर आक्षेप स्पष्टच आहे. पदाने आपला अर्थ पूर्णपणे टाकला तर ‘राजपुरुष’ म्हटल्यावर कोणताही पुरुष आणला तरी चालेल. राजाचाच आणण्याचे कारण उरणार नाही.

या आक्षेपाला भाष्यकाराने जो दृष्टान्त दिला आहे तो आपल्या विषयाला चमत्कारिक रीतीने लागू पडतो, कारण तो सुताराचा आहे. राजाच्या कामावर लागलेला सुतार आपले सुतारकाम सोडतो, हे खरे. परंतु तो सर्वस्व सोडीत नाही. राजाच्या कामाला जे विरोधी असेल तेवढेच तो सोडतो. उचकी लागणे, हसणे, अंग खाजविणे या गोष्टी तो सोडीत नाही, कारण त्या राजकार्याच्या आड येत नाहीत. त्याचप्रमाणे समासातील पद परार्थाला विरोधी असलेला स्वार्थ तेवढा टाकते. बाकीचा त्याच्याजवळच राहतो.

मराठीतील समासांत ही तारतम्याची श्रेणी सहज दाखविता येते. ‘घोडागाडी’ या शब्दातील घोडा पुरता शाबूत आहे. रूपानेही आणि अर्थानेही. ‘घोडदौड’ या शब्दात रूपाचे शेपूट छाटले गेले आहे, आणि शब्द लाक्षणिक अर्थाने वापरला तरी टापांचा आवाज अजून ऐकू येतो. ‘घोडचूक’ या शब्दात मात्र घोडा उरलेला नाही. तेथे ‘मोठी’ एवढाच अर्थ शिल्लक आहे. सुताराची उचकीसुद्धा तेथे थांबली आहे.

वाहून आलेल्या लाकडांच्या शिल्पासाठी याच विवेचनातून एक कसोटी मिळते. शिल्पात जोडलेले लाकूड ‘घोडागाडी’प्रमाणे पूर्ण शाबूत असेल तर शिल्प झालेच नाही, तो नुसता ढीग झाला. ते ‘घोडचूक’प्रमाणे पूर्ण विरून गेले असेल तर वाहून आलेले लाकूड वापरण्याचे प्रयोजनच उरले नाही, माती किंवा प्लॅस्टर वापरूनही तेच साधले असते. दोहोंच्या मधली अवस्था, म्हणजे आकृतीला विरोधी असलेला स्वार्थ सोडलेला परंतु उचकी आणि हसणे राखलेले लाकूड, हीच या कलेची खरी भूमी होय. सायकलची बैठक आणि हँडल जोडून पाब्लो पिकासोने १९४२ साली बैलाचे मस्तक केले. त्याविषयी बोलताना, लोकांना त्यात केवळ बैलच दिसला आणि बैठक व हँडल दिसलेच नाहीत तर शिल्पाचा परिणाम नाहीसा होईल, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले होते. भाष्यकाराचे म्हणणे तेथे निराळ्या वाटेने आलेले आहे.

या साधर्म्याची एक मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. पदाचा स्वार्थ समाजाच्या संकेताने ठरलेला असतो. लाकडाच्या स्वार्थाला असा संकेत नाही. त्याचा बाक, त्याची गाठ, त्याची झीज हाच त्याचा अर्थ. तो कोशात सापडत नाही, पाहूनच घ्यावा लागतो. परंतु जोडणीनंतर तो किती उरला हे पाहण्याची रीत दोन्हीकडे एकच राहते.

४

या कसोटीवर आता दोन शिल्पकर्त्रींची कामे पाहू. दोघींचाही विषय घोडा हाच असल्यामुळे तुलना सोपी होते.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील हीदर जान्श (१९४८-२०२१) यांनी किनाऱ्यावरच्या लाकडांपासून पूर्णाकृती घोडे केले. ते अत्यंत लोकप्रिय झाले. त्यांतील कारागिरी वादातीत आहे. मानेच्या स्नायूंच्या दिशेने लांब फांद्या, सांध्यांच्या ठिकाणी गाठी, छातीच्या गोलाईसाठी जाड बाकदार तुकडे अशी योजना त्यांत दिसते. प्रत्येक लाकूड शरीररचनेतील एखाद्या स्नायूचे वा हाडाचे काम करते. घोडा धावत आहे, थबकला आहे, कान टवकारून ऐकत आहे, हे दुरूनही कळते.

परंतु गुण तेथेच मर्यादाही होतो. जे लाकूड इतक्या नेमकेपणे स्नायू झाले आहे त्याला दुसरे काही असण्यास अवकाश उरत नाही. कोणत्याही तुकड्याकडे पाहिले तरी दृष्टी त्याच्यावर थांबत नाही. ती त्यावरून घसरून घोड्याकडे जाते. प्रेक्षक आश्चर्य करतो ते कर्तृत्वाचे : लाकडांतून इतका हुबेहूब घोडा कसा झाला! हे आश्चर्य खरे आहे, पण ते काष्ठशिल्पाच्या प्रदर्शनातील आश्चर्याच्याच जातीचे आहे. तेथे निसर्गाने केलेले सादृश्य होते. येथे हाताने केलेले आहे, एवढाच फरक. ‘घोडचुकी’तील घोडा जसा परार्थात नाहीसा होतो तसे येथे लाकूड घोड्यात नाहीसे होते. अर्थात पुष्कळ ठिकाणी एखादी फांदी पोटाच्या रेषेबाहेर निसटलेली दिसते आणि मन प्रसन्न होते. परंतु असे प्रसंग योजनेच्या विरुद्ध घडलेले वाटतात.

अमेरिकेतील डेबरा बटरफील्ड (जन्म १९४९) यांचे घोडे याहून वेगळे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत त्यांचे शिक्षण झाले आणि १९७०नंतरच्या दशकात त्यांनी घोड्यांची शिल्पे करावयास आरंभ केला. त्या काळात त्यांनी चिखल आणि काटक्या वापरल्या. पुढे मोडीत निघालेले लोखंडी पत्रे वापरले. पाश्चात्त्य शिल्पपरंपरेत घोडा आला तो बहुधा सेनापतीला पाठीवर घेऊन. बटरफील्ड यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात या परंपरेकडे पाठ फिरवून स्वार नसलेल्या, युद्धाशी संबंध नसलेल्या घोडीचा विषय घेतला. त्यांचे घोडे बहुधा धावत नाहीत. ते उभे असतात किंवा पडून असतात.

मिनिआपोलिस येथील शिल्पोद्यानात असलेले ‘वुड्रो’ (१९८८) हे त्यांचे शिल्प पाहावे. घोड्याची पाठ, मान आणि पाय यांच्या मुख्य रेषा काही लांब फांद्यांनी दिल्या आहेत. पोटाची पोकळी पोकळच ठेवली आहे. तिच्यातून पलीकडचे दिसते. एकेक फांदी घोड्याच्या आकृतीत शिरते, काही अंतर तिची रेषा सांभाळते आणि मग स्वतःच्या बाकाने बाहेर निघून जाते. तिला तेथे छाटलेली नाही. घोड्याला जेवढे हवे तेवढे तिने दिले आहे. उरलेले तिचे स्वतःचे आहे. परिणाम असा होतो की दृष्टी एकदा घोडा पाहते, एकदा फांद्या पाहते, आणि पुन्हा घोड्याकडे येते. ही ये-जा थांबत नाही. सुतार राजाचे काम करीत आहे आणि मधूनच त्याला उचकी लागत आहे, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

घोड्याच्या अंगातील मोकळ्या जागा या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. मराठीत समास करताना आपण विभक्तीचा प्रत्यय गाळतो, आणि ऐकणारा तो संबंध आपल्या मनाने भरून घेतो. ‘वनभोजन’ म्हटल्यावर ‘वनातील’ असे कोणी सांगावे लागत नाही. ‘वुड्रो’च्या पोटातील पोकळी असाच गाळलेला संबंध आहे. जान्श यांच्या घोड्यात विग्रहवाक्यच पूर्ण लिहून दिल्यासारखे होते. प्रेक्षकाला भरावयास काही ठेवलेले नसते.

५

येथपर्यंतचे विवेचन वाचून, ‘वुड्रो’ हे या शिल्पप्रकाराचे आदर्श उदाहरण आहे असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु एक मोठी अडचण आहे. ‘वुड्रो’ लाकडाचा नाही. तो ब्राँझचा आहे.

ही प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे. बटरफील्ड प्रथम खऱ्या लाकडांची जोडणी करून घोडा उभा करतात. तो मनासारखा झाला की सर्व बाजूंनी त्याची छायाचित्रे घेतली जातात आणि मग तो सुटा करण्यात येतो. प्रत्येक फांदीवर उष्णता सहन करणाऱ्या द्रव्याचे कवच चढवितात आणि ते भट्टीत घालतात. आतील लाकूड जळून राख होते. रिकाम्या झालेल्या कवचात वितळलेले ब्राँझ ओततात. अशा रीतीने एकेका फांदीची एकेक धातूची प्रत तयार झाली की छायाचित्रांच्या आधाराने त्या प्रती वितळजोडाने एकत्र केल्या जातात, आणि शेवटी रासायनिक क्रियेने पृष्ठभागाला जुन्या लाकडाचा रंग देतात. मूळ लाकूड नष्ट झालेले असल्याने दुसरी प्रत निघत नाही. छायाचित्रात हा घोडा लाकडाचाच वाटतो. माझ्या ज्या मर्यादेचा आरंभी उल्लेख केला ती येथे विशेष जाणवते : छायाचित्रावरून लिहिणाऱ्याला आपण ज्या ‘लाकडा’ची स्तुती करीत आहोत ते लाकूडच नाही, हे दुसऱ्याने सांगावे लागते.

मग ही फसवणूक म्हणावी काय? भाषाशास्त्राचा विद्यार्थी याला चटकन एक उत्तर देईल. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात बुद्धिबळाचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. लाकडी सोंगट्यांच्या जागी हस्तिदंती सोंगट्या ठेवल्या तरी डावात काही फरक पडत नाही. सोंगट्यांची संख्या बदलली तर मात्र पडतो. भाषा म्हणजे द्रव्य नव्हे. परस्परसंबंधांची व्यवस्था होय. हा न्याय लावला तर बटरफील्ड यांचे शिल्प त्या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिकच ठरते. प्रत्येक लाकूड बदलले, जोडणी तीच राहिली, आणि घोडा तोच राहिला.

हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सोंगटीला डावाबाहेर स्वार्थ नसतो. म्हणून तिचे द्रव्य बदलता येते. वाहून आलेल्या लाकडाला मात्र स्वार्थ आहे, आणि तो राखणे हीच या शिल्पाची कसोटी आपण मानली आहे. तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे की, या स्वार्थापैकी ब्राँझमध्ये किती उतरते? डोळ्यांना दिसणारे बहुतेक सगळे उतरते : बाक, गाठी, भेगा, किड्याने पाडलेली भोकेसुद्धा. स्पर्शाची ऊब, वास आणि हलकेपणा उतरत नाही. आणि आणखी एक गोष्ट उतरत नाही, ती म्हणजे नाशाची शक्यता. लाकूड कुजले असते. ब्राँझ कुजणार नाही.

सांध्यांचेही असेच आहे. लाकडी घोड्यात एक फांदी दुसरीवर टेकलेली किंवा तिला बांधलेली असते. दोहोंमध्ये सीमा असते आणि ती सुटी करता येते. वितळजोडात दोन्ही टोके वितळून एक होतात. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा एकादेश होय. ‘महा’ आणि ‘ईश’ एकत्र येऊन ‘महेश’ होतो तेव्हा मधला ‘ए’ पहिल्याचा म्हणता येत नाही आणि दुसऱ्याचाही म्हणता येत नाही. डोळ्यांना दोन फांद्या दिसतात, पण द्रव्य एकच झालेले असते. म्हणजे लाकडी घोड्यात जो समास होता तो ब्राँझच्या घोड्यात संधी झाला आहे, आणि समासासारखा दिसण्याची काळजी घेत आहे.

यावरून मी जो निर्णय करतो तो असा. ‘वुड्रो’ हे श्रेष्ठ शिल्प आहे. परंतु ते वाहून आलेल्या लाकडाचे शिल्प नसून वाहून आलेल्या लाकडांच्या जोडणीचे शिल्प आहे. ते आपल्याला लाकूड देत नाही. लाकडांनी एकमेकांना किती जागा दिली होती याची टिकाऊ नोंद देते. बोललेल्या वाक्याचे लेखन आणि बोललेले वाक्य यांत जो संबंध असतो तो येथे आहे. लेखनाने पुष्कळ काही टिकते, आणि बोलणाऱ्याचा आवाज जातो. म्हणून कोणी लेखनाला फसवणूक म्हणत नाही. मात्र लेखन म्हणजेच बोलणे, असे समजणाऱ्याला आपण दुरुस्त करतो. बटरफील्ड यांच्या प्रशंसकांत अशी दुरुस्ती आवश्यक असणारे अनेक आहेत. ब्राँझ हुबेहूब लाकडासारखे दिसते हेच त्यांच्या प्रशंसेचे मुख्य कारण असते. म्हणजे ते पुन्हा सादृश्याकडेच परत येतात.

या शिल्पकर्तीला स्वतःला हा ताण जाणवला नसेल असे म्हणवत नाही. वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियनच्या अमेरिकन कलासंग्रहालयात असलेल्या तिच्या एका ब्राँझच्या घोड्याचे नाव ‘मोनेकाना’ (२००१) असे आहे. मॉन्टाना आणि हवाई ही तिच्या वास्तव्याची दोन ठिकाणे. आणि ‘मोनेकाना’ हे ‘मॉन्टाना’ या नावाचे हवाई भाषेतील रूप आहे. हवाई भाषा जोडाक्षर सहन करीत नाही, म्हणून ‘न्’ आणि ‘ट’ यांच्यामध्ये स्वर आला. तिच्यात ‘ट’ला निराळे स्थान नाही, म्हणून त्याचा ‘क’ झाला. परक्या भाषेत सोयरा म्हणून गेलेल्या या नावाने जे विरोधी होते तेवढेच टाकले आणि बाकीचे राखले. शिल्पाला इतके अन्वर्थक नाव क्वचितच मिळते.

तिच्या पुढील काळातील एका कृतीत हा ताण उघडपणे पुढे आला आहे. जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला, त्सुनामी आली आणि अणुभट्टीचा अपघात झाला. या तीन आपत्ती जिच्या शीर्षकात आहेत ती ‘तीन शोक’ या अर्थाच्या नावाची कृती २०१६ मधील आहे. तिच्यात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या वस्तू आहेत, आणि त्यांत प्लॅस्टिकही आहे. येथे द्रव्य बदलून चालणार नव्हते. हे तुकडे कोठून आले हाच त्यांचा स्वार्थ आहे, आणि बाक किंवा गाठ यांच्याप्रमाणे तो साच्यात घेता येत नाही. येथे बुद्धिबळाचा दृष्टान्त निरुपयोगी ठरतो. ‘वुड्रो’मध्ये दृष्टी घोडा आणि फांदी यांच्यामध्ये ये-जा करते, येथे ती घोडा आणि कोणाचे तरी मोडलेले घर यांच्यामध्ये करते.

६

मराठी समीक्षेत घटक आणि समग्र यांचा विचार बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे मांडला, हे वाचकांस ज्ञातच आहे. त्या विचाराने आपल्याला घटकांच्या परस्परसंबंधांकडे पाहावयास शिकविले, आणि सादृश्याच्या आस्वादातून बाहेर काढले. ‘वुड्रो’मधील रेषांचा परस्परविरोध आणि त्यांचा समतोल त्या तत्त्वांनी उत्तम रीतीने उलगडता येईल. परंतु लयतत्त्वे घटकाकडे त्याच्या संबंधांपुरतेच पाहतात. घटकाजवळ संबंधात न मावणारे असे जे शिल्लक राहते त्याला त्या विचारात नाव नाही. वाहून आलेल्या लाकडांच्या शिल्पाचा अभ्यास करताना नेमके हेच शिल्लक राहिलेले महत्त्वाचे ठरते, आणि त्याला नाव द्यावयाचे झाले तर भाष्यकाराने दिलेले ‘स्वार्थ’ हेच नाव द्यावे लागेल.

आमच्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग शिल्पापुरताच आहे असे नाही. समासांचे वर्गीकरण करताना आपण तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही अशी नावे देऊन थांबतो. त्या त्या समासात प्रत्येक पदाने काय टाकले आणि काय राखले, याची श्रेणी लावण्याचे काम मराठीपुरते व्हावयाचे आहे. ‘घोडागाडी’पासून ‘घोडचूक’पर्यंतच्या मार्गावर मधे किती मुक्काम आहेत, आणि एखादे पद कोणत्या मुक्कामावर कोणत्या काळात पोचले, हे शोधण्यासारखे आहे.

आरंभीच्या दृष्टान्ताकडे वळून हे विवेचन संपवितो. समुद्रातील दोन ओंडके विलग होतात, कारण भेटीसाठी त्यांनी काहीच सोडलेले नसते. वितळून एक झालेले धातूचे तुकडे विलग होऊ शकत नाहीत, कारण त्यांनी सगळेच सोडलेले असते. अवनीन्द्रनाथांच्या हाती आलेली काटकी या दोहोंच्या मध्ये राहते. ती सोयरी म्हणून घरात आली आहे, घराचे काम करते, आणि तिला आपले माहेर आठवते. ती कालांतराने वाळवीला जाईल, हेही खरे आहे. जोडणीची ही किंमत द्यावयास कोणता शिल्पकार तयार असतो आणि कोणता नसतो, यावरून त्याच्या कलेचा स्वभाव ओळखता येतो असे मला वाटते.